जिन्यातली हाक

“पाणी दुपारनंतर येणार हो! पंप बिघडलाय!” बाबा जिन्याच्या कठड्याशी उभे राहून ओरडले.

“तुम्हाला बरं आधी कळतं, काका?” वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

“आहे एक ओळखीचं माणूस पाणी खात्यात!”

ते ओळखीचं माणूस म्हणजे त्यांची मुलगी. पण शेजाऱ्यांना कळता कामा नये, अशी तिची सक्त ताकीद होती.

“मी किती दिवस घसा फोडू?” आत येत बाबा म्हणाले. “लोकांशी बोलायला खात्यानं ऑनलाइन पान काढलंय ना? तिथं लिही की.”

“तिथं लोक शिव्या घालतात. आम्ही ‘तक्रार नोंदवली’ एवढंच टाकतो. माझं डोकं खाऊ नका, बाबा.”

“शिव्या तुला नाहीत गं. तुमच्या गप्प बसण्याला आहेत!”

तिनं दार आपटलं आणि कामावर निघून गेली. संध्याकाळी परतली, तेव्हा बाबा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते.

ती पुन्हा कामावर रुजू झाली, त्याच आठवड्यात मोठी जलवाहिनी फुटली. पाणी कधी येणार, हे चहाच्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. पानावर मात्र खात्यातलं कुणीच ते लिहीत नव्हतं.

“चोर, कामचुकार, हरामखोर,” साहेब मोठ्यानं वाचत होते. “नुसती घाण! आजच बंद करू हे पान.”

“ब्याद टळेल,” कारकून म्हणाला.

तिची नजर खालच्या ओळीवर गेली. ‘आमच्या जिन्यात एक काका सांगायचे. ते गेले. आता विचारायचं कुणाला?’

तिनं लिहिलं. काय फुटलंय, पाणी उद्या सकाळी येईल, आणि खाली स्वतःचं नाव, हुद्दा.

“कुणाला विचारून?” साहेब कडाडले.

“माहीत होतं, ते सांगितलं. शिव्या मी खाईन, साहेब.”

आणि शिव्या आल्याच! पण त्यांत एक ओळ होती: ‘चला, निदान कळलं तरी.’ पान बंद करायचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. थोड्या वेळानं कारकून खुर्ची सरकवत आला. “टँकर कुठं येतोय, ते मी टाकू का?”

सरकारी टेबलांमागच्या अबोल बंधुभगिनींनो, लोकांचा राग आपल्या मौनावर पोसला जातो. जे ठाऊक आहे ते सांगा, आपल्या नावानं सांगा.

घरी येताना ती जिन्यात थांबली. कठडा घट्ट धरला.

“काकू! पाणी उद्या सकाळी येईल!” तिचा आवाज चिरकला. “बाबांचं ते ओळखीचं माणूस मीच. मी पाणी खात्यात काम करते.”