सात फेऱ्यांची थाळी

मित्रांनो, मी उज्जैनमधल्या एका घरातली जुनी पितळी थाळी आहे. माझ्या मोठ्या पोटावर तांबटाने बारीक छिन्नीने चक्रव्यूह कोरला आहे. त्याला सात फेरे आहेत, पण वाट एकच. फाटा कुठेही नाही. अभिमन्यू अडकला, म्हणून लोक चक्रव्यूहाला घाबरतात. माझ्यात मात्र बोट ठेवलं की ते मध्यावर पोचतंच, आणि त्याच वाटेने परतही येतं.

पूर्वी कुणी बाळंतपणात अडली, की माझ्यावर पाणी ओतून तिला पाजत. त्या पाण्यात औषध नव्हतं. पण रेषेवरून बोट फिरवताना बाईचा श्वास संथ होई, एवढं मी पाहिलं आहे. पुढे दवाखाने आले, ते बरंच झालं. मी फ्रीगंजच्या या घरात माळ्यावर गेले आणि डब्यांमागे काळवंडत राहिले.

मला खाली काढलं ते दहा वर्षांच्या मृण्मयीने. बोलताना ती अडखळते. तिचे आजोबा, भय्यासाहेब, तिला म्हणाले, "बोट मध्यावर पोचेपर्यंत गप्प राहायचं. मग बोल." तेव्हापासून रोज शाळेआधी ती माझ्यावरून बोट फिरवते. शब्द सावकाश येतात, पण येतात.

यंदा दिवाळीआधी दारात कल्हईवाला आला. मृण्मयीच्या आईने, सुलूने, भांड्यांबरोबर मलाही दिलं. "भैया, इसको भी एकदम चकाचक कर दो!"

वितळलेलं कथील माझ्या रेषांत भरलं असतं, तर वाटच बुजली असती. मी निखाऱ्यांवर तापत होते, तोच मृण्मयी अनवाणी धावत आली.

"भ... भ..."

"क्या हुआ, गुड़िया? भूत देख लिया?"

ती खाली बसली. स्वतःच्या तळहातावर तिने बोटाने सात फेरे काढले. मग म्हणाली, "भैया, इसको मत करो. लकीरें भर जाएँगी."

"अगं, किती काळी दिसतेय ती!" सुलू म्हणाली.

"आई, मला ती काळीच पाहिजे."

परक्या माणसासमोर मुलगी न अडखळता बोलली होती. सुलूने वाकून माझ्यावरच्या रेषा पाहिल्या. मग हळूच म्हणाली, "भैया, सिर्फ पीछे से कर दो."

कल्हईवाला हसला. "लो! आगे अमावस, पीछे पूनम!"

आता मी मृण्मयीच्या अभ्यासाच्या टेबलावर असते, अमावस्या वर करून. मित्रांनो, जुनी वस्तू जरूर घासा, लखलखीत करा. पण त्याआधी तिच्यावरून एकदा सावकाश बोट फिरवून पाहा.