पट्टीला बांधलेली किल्ली

"त्या काजवाल्या काकूंना महिनाअखेर काढून टाकू, मालक. सारखी किल्ली मागतात. ती नवरीबाई बघा, दिवसभरात पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. बायका ठेवाव्या तर अशा!"

हे कटिंग मास्तर मालकांच्या कानाशी लागून बोलले. दोघांची पाठ दाराकडे होती आणि दारात नवरीबाईच उभी होती. काकूंनी परत टांगायला दिलेली मी तिच्या मुठीत होते. कौतुक ऐकून माणसाच्या तळहाताला असा गार घाम सुटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी एक पितळी किल्ली. कोऱ्या कुलपाबरोबर खोक्यातून आले तेव्हा वाटलं होतं, तिजोरी नाही तर निदान एखादं कपाट तरी वाट्याला येईल. नशिबी आलं ते शिवणाच्या कारखान्यातलं बायकांच्या संडासाचं दार. हे काम हलकं आहे असं कुणाला वाटत असेल, तर ज्याला घाई झालीय त्याला विचारा.

मी हरवू नये म्हणून मास्तरांनी मला हातभर लांबीच्या मोडक्या लाकडी पट्टीला दोरीने बांधलं आणि आपल्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलं. जिला जायचं असेल तिने मास्तरांकडे मागायचं. मास्तर चष्म्यावरून बघणार आणि सगळ्या मशीनवर ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "पुन्हा?"

मग ती बाई पट्टी हातात धरून सगळ्यांसमोरून चालत जाणार. अनोळखी माणसाला वाटावं, कुणाला तरी छडी मारायला निघाली आहे.

पुरुषांच्या दाराला कुलूप नव्हतं. असं का, याचा मी विचार केला. डोकं पितळेचं असलं तरी उत्तर सापडायला वेळ लागला नाही.

पण या बायका! मी त्यांच्या हातांतून फिरले म्हणून सांगते, असे हात पाहायला भाग्य लागतं. मास्तरांचा तो टोमणा एकीलाच रोज ऐकावा लागू नये म्हणून त्यांनी आपसात पाळी लावली होती. आज हिने मागायचं, उद्या तिने. एकीने दार उघडलं की दुसरी दोरा शोधायला उठे, तिसरीला बटणं कमी पडत. एका "पुन्हा?"मध्ये तिघींची सोय होई. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला विचारू नका. यावर एक अक्षर बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

काकूंचं मात्र तेवढ्यात भागेना. त्या काज-बटणाच्या मशीनवर बसत. वर्षानुवर्षं दाबून धरल्याने त्यांना जळजळीचं दुखणं जडलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या आणि अजिबात थांबवू नका. म्हणजे औषध डॉक्टरांकडे आणि परवानगी मास्तरांकडे! काकूंच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. तरी पहिल्या दिवशी बावरलेल्या नवरीबाईला मशीनमध्ये दोरा ओवायला शिकवताना त्या हसत म्हणाल्या होत्या, "घाबरू नकोस गं, मशीन चावत नाही. चावणारे वेगळेच असतात."

नवरीबाईचं लग्न नुकतंच झालं होतं. स्वभावाने अबोल. परक्या माणसाकडे चारचौघांत मला कसं मागायचं, या लाजेपायी तिने पाणीच सोडलं होतं. आणि त्याच लाजेचं कौतुक करून आता काकूंची नोकरी जाणार होती.

त्या संध्याकाळी तिने गोंधळून पट्टी तेवढी खिळ्याला लावली. माझी जुनी दोरी मधेच तुटली होती. मी मुठीतच राहिले, तिथून तिच्या ॲप्रनच्या खिशात आणि खिशातून तिच्या घरी.

ॲप्रन भिजत घालायला सासूबाईंनी खिसा उलटा केला. खडू निघाला, सुयांची पुडी निघाली आणि मी.

"अगं, ही कुणाच्या घराची किल्ली?"

"कारखान्यातली आहे, आई. संडासाची."

"संडासाला कुलूप? आत काय सोनं ठेवलंय?"

नवरीबाई खुदकन हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. सासूबाई ओल्या हातांनी तशाच ऐकत राहिल्या.

"मी बिस्किटांच्या कारखान्यात होते ना, तिथेही असंच कुलूप होतं," त्या म्हणाल्या. "एकदा कामगार अधिकारी आले. मालकाला म्हणाले, कामाच्या वेळेत ही सोय प्रत्येकाला हवी तेव्हा मिळाली पाहिजे, कायदा आहे तसा. त्याच दिवशी कुलूप निघालं."

"पण मी तिथे नवीन आहे."

"कायदा काय फक्त जुन्यांसाठी केलाय?"

"आणि मलाच काढलं तर?"

"तर मी येईन बोलायला. माझं तोंड किती चालतं, ते एव्हाना कळलंच असेल तुला."

"ते पहिल्याच दिवशी कळलं," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. सासूबाईंनी तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण शेवटचा शब्द मला तिला द्यायचा आहे. कुलूप निघालं. दाराला आतून साधी कडी लागली. काकू अजून काजं करतात, मशीनशेजारी पाण्याची बाटली ठेवून. मी खणात बोथट कात्र्यांशेजारी पडून असते आणि एवढ्या आनंदाने बेकार झालेलं दुसरं कुणी नसेल. तुमच्याही कामाच्या जागी माझी एखादी बहीण खिळ्याला लटकत असेल, तर कृपा करून तिलाही घरी बसवा.

तर, दुसऱ्या दिवशी सकाळी दार बंद, खिळ्याला नुसतीच पट्टी. मास्तर दाराला पाठ लावून ओरडत होते, मालक धावत आले होते आणि बायका मशीन थांबवून उभ्या होत्या. नवरीबाई पुढे आली. तिने मला खिशातून काढलं. तिचा आवाज मोठा नव्हता. पण कारखान्यात सगळ्यांना तो पहिल्यांदाच ऐकू आला.

"मला फार बोलता येत नाही, म्हणून एकदाच सांगते. हे दार उघडं ठेवणं कायद्याने तुमचं काम आहे, मालक. ती मेहेरबानी नाही. दुखण्यापायी काकूंना काढलंत, तर मी कामगार अधिकाऱ्यांकडे जाईन, आणि मी एकटी जाणार नाही. बाजूला व्हा, मास्तर. काकूंना आधी जाऊ द्या."