डावा स्पीकर

केळव्याच्या घराची कौलं बदलायची ठरली, म्हणून माळा रिकामा करावा लागला आणि कमलाकांतांचे स्पीकर खाली आले. कमरेएवढ्या उंचीच्या दोन सागवानी पेट्या, गोणपाटात बांधलेल्या. तरुणपणी त्यांनी त्या हौसेने मुंबईहून आणल्या होत्या. सुपारीच्या वाडीतून दमून आलं की आंघोळ करून ते या पेट्यांसमोर खुर्ची टाकून बसत. त्या वेळात त्यांना हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

त्यांची मुलगी चारुता गोणपाटाची गाठ सोडू लागली.

"कशाला सोडतेस?" कमलाकांत म्हणाले. "डावा कधीच गेला हाय. पालघरच्या मेकॅनिककडे दोनदा नेला, दोनदा म्हणाला काय झालेलं नाय. त्याला काय कळतंय!"

अशा वैतागातच त्यांनी दहाएक वर्षांपूर्वी दोन्ही पेट्या माळ्यावर टाकल्या होत्या.

चारुता बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. सुट्टी मिळाली की ती पेट्या उघडून बसू लागली. एकीत उंदरांनी घर केलं होतं. आवाज काढणाऱ्या कागदी पडद्याभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होऊन पडली. खाऱ्या हवेने तारांची टोकं हिरवी झाली होती. पडदे मात्र शाबूत होते. तिने नव्या कडा मागवल्या, जुना गोंद खरवडून काढला. पहिली कड वाकडी बसली, ती उचकटून पुन्हा लावावी लागली. माईने, म्हणजे तिच्या आईने, लाकडाला खोबरेल चोळलं आणि फाटलेल्या कापडाऐवजी जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून बसवला. कमलाकांत येता-जाता बघत. "डावा नाय वाजायचा," एवढंच म्हणत. पण एकदा चारुताला आतलं दिसेना, तेव्हा न सांगता बॅटरी धरून उभे राहिले.

जुना अ‍ॅम्प्लिफायर पार गेला होता. चारुताने छोटा नवा आणला, वडिलांना पेट्यांसमोर बसवलं आणि त्यांच्या आवडीचं सतारीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.

सतारीने घर भरून गेलं. कमलाकांतांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"तबला कुठाय?"

त्या रेकॉर्डिंगमध्ये तबला डावीकडे होता. चारुताने डाव्या पेटीला कान लावला. तबला खणखणीत वाजत होता.

"वाजतोय, अण्णा."

"नाय. सांगितलं ना, तो गेला हाय."

तिने दोन्ही पेट्यांची तारांसकट अदलाबदल केली.

"आता तबला आला," ते म्हणाले, "पण सतार गेली. चांगला होता तो पण बिघडवलास?"

चारुता त्यांच्याजवळ आली. म्हणाली, "अण्णा, जरा उजवा कान झाका."

त्यांनी तळहात कानावर ठेवला.

"बंद केलेस दोन्ही?"

"नाही. दोन्ही चालू आहेत."

कमलाकांतांनी हात काढला, पुन्हा ठेवला. एक पेटी, मग दुसरी, असं बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. चारुताने आवाज कमी केला.

दारात उभी असलेली माई पुढे आली. "मग रोज संध्याकाळी ओटीवर मी तुमच्या डाव्या अंगाला बसते, इतकं बोलायचे... मला वाटलं, तुमाला माझ्या बोलण्याचा कंटाळा आला. म्हणून मीच बोलणं कमी केलं."

कमलाकांत तिच्याकडे वळले. "आणि मला वाटलं, तू माझ्याशी बोलायचीच बंद झालीस."

त्यावर माईला हसू फुटलं आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

पालघरच्या डॉक्टरांनी कान तपासला. ऐकू येणं हळूहळू कमी झालं होतं, म्हणून उमगलं नव्हतं. पण कान पुरता गेलेला नव्हता. ऐकायचं मशीन लागलं. पहिले काही दिवस कमलाकांत त्याच्यावर चिडायचे. भांड्यांचा आवाज फार, झावळ्यांची सळसळ फार, कावळे तर डोक्यात बसल्यासारखे. काढून ठेवायचे, आणि माई समोर आली की पुन्हा घालायचे.

एके दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "माझ्या त्या कानाशी काय काय बोललीस गं?"

"आता सगळं कुठलं आठवायला!" माईने आमटी वाढली. "एक मात्र कितीदा विचारलं. तारापूरला रत्नाबाईकडे चार दिवस राहून येऊ का, म्हणून. तुमी गप्प. म्हटलं, मनात नसेल."

रत्नाबाई म्हणजे माईची धाकटी बहीण.

"माझ्या मनात नसायला काय झालं?" कमलाकांत म्हणाले. "मी पण येतो. वाडी चारुता बघेल."

"मला सुट्टी टाकावी लागेल," चारुता म्हणाली.

"मग टाक की," माई म्हणाली, आणि आमटीचं भांडं तसंच ठेवून बहिणीला फोन लावायला उठली.