जाळी सोडून गेलेली भेग

आश्विनातले ऊन जलाशयावर पसरले होते. पितळी, संथ, निःशब्द. काठोकाठ भरलेले पाणी धरणाच्या पाचही दरवाजांना छाती लावून उभे होते. वरून निद्रिस्त, आतून नुसता भार.

तिसऱ्या दरवाजाला पेलणाऱ्या पोलादी बाहूवर एक भेग होती. वीतभर लांब, केसाएवढी बारीक.

टेकडीवरच्या कचेरीत मृण्मयी आठल्ये त्या भेगेची वाट संगणकावर मांडत होती. चिमुकल्या चौकोनांच्या जाळीत तिने तो बाहू पडद्यावर उभा केला होता. भार दिला की भेग चालू लागे, सरळ, आज्ञाधारक. तिच्या वाटेवर मृण्मयीने खूण केली, आणि तिथे फोरमन रशीदभाई तांबोळींनी सकाळी गोल भोक पाडले. टोकदार भेग गोलाईत शिरली की बोथट होते, थांबते. मग दरवाजा हातभर उचलून पाहिला आणि पुन्हा टेकवला. अहवालावर मृण्मयीची सही झाली. चार वाजता दरवाजा पुरता उचलायचा होता, आणि भेगेवर नजर ठेवायला रशीदभाई दोन माणसांसह त्या बाहूलगतच्या फळीवर उभे राहणार होते.

साडेतीनला तिच्या लक्षात आले. भेग स्वतःची वाट काढतच नव्हती. ती चौकोनांच्या कडा धरून चालत होती, जशी आखली तशी. घाईत सरळ विणलेल्या जाळीने भेगेला सरळपणा शिकवला होता. पोलादाला चौकोन ठाऊक नसतात.

तिने जाळी मोडली. बारीक, विस्कटलेले त्रिकोण पेरले. भार दिला. गणित तेरा टक्के झाले. चाळीस. सत्तर. भेग निघाली, आणि मान वळवावी तशी हळूच वर वळली. भोकाला टाळून, बिजागरीकडे, जिथे सगळे पाणी तोललेले होते.

पावणेचारला तिने फोनवर सांगितले. रशीदभाई हसले. "ताई, सकाळी तुम्हीच म्हणालात, इथंच पाडा. आता भोक सरकवू का?"

"सही माझी, चूकही माझीच. आधी सगळे खाली उतरा, मग मला काय बोलायचं ते बोला."

फोनमधून लोखंडी शिडीवर पावले वाजली. दोघांची. तिसऱ्याची वाजली नाहीत.

तिने पुन्हा विनवले. भेग स्वतः बघितल्याशिवाय दरवाजा बंद ठेवा असे धरणाच्या साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू, असे रशीदभाई म्हणाले. मग फवाऱ्याची फुसफुस. भेगेत झिरपणारा लाल रंग. पुसणे. वर तो रंग शोषून भेग दाखवणारी पांढरी भुकटी. मग काहीच नाही. पाण्याचा दूरचा, खोल, दबलेला श्वास.

शुभ्र भुकटीतून लाल रेघ फुटू लागली. सकाळच्या त्या हातभर उचलण्यात ती दोन बोटे वाढली होती. भोकाकडे नव्हे.

"वर गेलीय, ताई," रशीदभाई म्हणाले. आवाजात हसू उरले नव्हते. "उतरतोय."

चार वाजता बाकीचे चार दरवाजे उचलले गेले. पाणी शुभ्र होऊन कोसळले, दरी गर्जत राहिली. तिसरा तसाच मिटलेला. आणि दूरच्या कठड्यावर, उतरत्या उन्हात, तीन माणसांच्या सावल्या पडल्या होत्या. लांब, तिरप्या, अखंड.