पिल्लाच्या आईची भाकर

हात जरा जपून लावा, मित्रांनो. जुना झालो, गंजलो, तरी मी अजून टोचतो. मी कुत्र्याच्या गळ्यातला लोखंडी पट्टा आहे. संध्याकाळी सोसायटीत फिरायला निघणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात असतात ना, लाल-निळे, मऊमऊ, घुंगरू लावलेले, तसला मी नव्हे. माझ्या अंगावर बाहेरच्या बाजूनं बोटाएवढे काटे आहेत आणि ते शोभेचे नाहीत. लांडगा आधी गळा धरतो, म्हणून ते आहेत.

माझा जन्म पाचोडच्या बाजारात झाला. बाजाराच्या कडेला घिसाड्यांचं पाल पडलं होतं. मोडक्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव त्यांनी भट्टीत लाल केली. नवऱ्यानं सांडशीत धरली आणि त्याची बायको भागूबाई माझ्यावर घण घालू लागली. काय तो हात! एकेक घाव असा बसायचा की माझी सगळी ऐट जिरली. समोर बिरू उभा होता. तेव्हा तो तरणाबांड मेंढपाळ होता, खांद्यावर घोंगडी आणि पायाशी शिलेदार नावाचं कुत्रं.

"काटं बोथट नगं ठिवू," तो म्हणाला. "माझ्या लेकराच्या गळ्यात जायचंय ते."

"कुत्र्याला लेकरू म्हनतोस व्हय रे?" भागूबाई हसली.

"मग काय म्हनू? रातभर मी झोपतो आन् त्यो जागतो."

असा मी शिलेदारच्या गळ्यात आलो. पुढं त्याच्या लेकाच्या, मग नातवाच्या. बिरूनं तिघांनाही नाव एकच ठेवलं, शिलेदार. नवं नाव शोधायचा त्याला कंटाळा, दुसरं काय!

कामाची वर्षं माझी सुखात गेली. कन्नडच्या घाटाकडं मेंढरं घेऊन गेलो असताना एकदा लांडग्यानं शिलेदारवर झडप घातली आणि थेट मानेला तोंड घातलं. त्याच्या जबड्यात काय शिरलं ते तुम्ही ओळखलंच असेल. असा केकाटत पळाला की विचारू नका! बिरूनं मला धुऊन पुसलं, हळद-कुंकू लावलं आणि मेंढपाळांच्या साऱ्या वाड्यावर दाखवत फिरला. मी तेव्हा लई फुशारलो होतो. आता बोलून काय उपयोग, पण चार माणसांनी कौतुक केलं की लोखंडसुद्धा फुगतं.

बिरूच्या घरची एक रीत तुम्हाला आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्यात पिल्लू विकत नाहीत. कुणी मागितलं तर देतात. घेणाऱ्यानंही घासाघीस करायची नाही आणि देणाऱ्यावर शंका घ्यायची नाही, कारण मन दुखवून आणलेलं पिल्लू घरात टिकत नाही असं ते मानतात. फक्त पिल्लू उचलण्याआधी त्याच्या आईला आपल्या हातानं भाकर घालायची. तिनं खाल्ली की पिल्लू तुमचं. आईचं लेकरू न्यायचं तर आईला विचारून न्यावं, इतकी साधी गोष्ट.

मग दुष्काळाची वर्षं आली. एक सरलं की दुसरं उभंच. विहिरींचे तळ दिसले, टँकर यायला लागले आणि रानात मेंढरांना चघळायला काडी उरली नाही. ज्या पाचोडच्या बाजारात मी जन्मलो, त्याच बाजारात बिरूची मेंढरं एकेक करून गेली. त्याचा मुलगा इंद्रजीत आधीच शहरात कंपनीत लागला होता. तो आईबापाला घेऊन आला. येताना बिरूनं दोनच जीव हट्टानं बरोबर आणले, म्हातारा होत चाललेला तिसरा शिलेदार आणि भोरी नावाची एक मेंढी.

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या पलीकडं आमचं घर. आलो तेव्हा भोवती मोकळं माळरान होतं. मग त्यावर चुन्याच्या रेघा पडल्या, 'प्लॉट विकणे आहे' अशा पाट्या लागल्या आणि पाट्यांच्या जागी इमारती उठल्या. भोरीला बिरू, आता सगळे त्याला आबाच म्हणत, दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात चारायला न्यायचा. वॉचमन हाकलायचे. तो म्हणायचा, "जातो बाबा, ह्या तनाचं पैसं लागत्यात व्हय?" आणि पुढच्या प्लॉटवर जायचा. एका मेंढीवर का होईना, तो मेंढपाळ होता. ती गेली असती तर तो नुसता वॉचमननं हाकललेला म्हातारा उरला असता.

शिलेदार वारला तेव्हा आबानं मला खिळ्याला अडकवलं आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्याचं जेवणही अर्ध्यावर आलं होतं. भाकरीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन दाराकडं बघायचा आणि तसाच ताटात ठेवायचा. त्याची बायको पुतळाबाई हे बघून पदरानं डोळे पुसायची.

नात ज्ञानेश्वरी दहावीत होती. तिला हे पाहवेना. एके दिवशी ती मोबाईल घेऊन धावत आली. "आबा, हे बघा!" पडद्यावर एक तपकिरी पिल्लू होतं, लोंबते कान, पांढरे पाय. शेजारी त्याची आई त्याला पाजत होती. खाली लिहिलं होतं, बदली झाल्यामुळे पिल्लू चांगल्या घरी द्यायचे आहे, किंमत नको, माया करणारी माणसे हवीत.

आबानं फोन डोळ्यांजवळ नेला. "इकत नाय बघ त्यो. देतोय. आपल्यासारखाच मानूस दिसतोय."

तिथंच फसगत झाली, मित्रांनो. किंमत सांगितली असती तर आबानं तोंड फिरवलं असतं. 'किंमत नको' म्हटल्यावर त्याला तो आपल्याच रीतीचा माणूस वाटला.

त्या माणसानं फोनवर आपलं नाव राम सांगितलं. नाव काय, कुणीही काहीही सांगतं. बोलायला साखर! "काका, तुमच्या घरी पिल्लू जाणार म्हणजे मला चिंता नाही. फक्त गाडीभाडं पाठवा." ज्ञानेश्वरी म्हणाली, "आबा, आपण त्याच्या घरी जाऊन बघून येऊ ना."

"गप गं. देनाऱ्याला असं इचारत नसतेत."

गाडीभाडं गेलं. मग पिंजऱ्याचे पैसे मागितले. तेही गेले. ज्ञानेश्वरीनं आईबापाला सांगायचं म्हटलं, तर आबा म्हणाला, पिल्लू आल्यावर सांगू, इंद्रजीत खूश होईल. त्या दिवशी आबानं मला खिळ्यावरून काढलं, गोडं तेल लावून घासलं, माझ्या कड्या हलत्या केल्या. मला पुन्हा गळा मिळणार होता! त्या रामाला मी मनातल्या मनात दुवा दिल्या. लांडगा ओळखणारा मी, मलाही वास आला नाही. फोनला वास नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर आवाजाचा निरोप आला, नुसतं रडणं. पिल्लाचं बारीक, खोल रडणं. पाठोपाठ रामाचा फोन आला, "काका, पिल्लू नाक्यावर अडवलंय. लसीचा कागद नाही म्हणून दंड मागतात. कालपासून उपाशी आहे. मेलं तर पाप तुमच्या माथी हं!"

घरात पैसे नव्हते. इंद्रजीत आणि त्याची बायको दोघंही कामावर होते. आबानं मेंढ्यांचा व्यापारी सांडू याला बोलावणं धाडलं.

"आबा, भोरी नका देऊ!" ज्ञानेश्वरी रडू लागली.

"मेंढी पुन्हा घेता यील. ते लेकरू मेलं तर कुठनं आनू?"

सांडू आला, भोरीच्या गळ्यात दोर टाकला. ती चार पाय रोवून उभी राहिली. आबा तिच्याकडं पाठ करून भिंतीकडं बघत बसला. मी त्याच्या मांडीवर होतो. माझे काटे बोटांना रुतेपर्यंत त्यानं मला घट्ट धरलं होतं.

तेवढ्यात पुतळाबाई आतून फडक्यात भाकर बांधून आली. तूप-गूळ लावलेली. तिला कसला संशय नव्हता, काही नव्हतं. तिला फक्त रीत पुरी करायची होती. फोनला हात लावायला ती भ्यायची, म्हणून ज्ञानेश्वरीनं तो तिच्या तोंडाशी धरला.

"राम बाळा, पैसं येत्यात. पर आधी पिल्लाच्या आईला आमची भाकर घालायची हाय. तुझं घर कुठंय ते सांग, माझा ल्योक घिऊन यील."

"आजी, भाकर राहू द्या. आधी दंड भरा."

"तसं नाय चालत बाबा. आईनं खाल्ल्याबिगर आमी पिल्लू उचलत नाय."

"आई मेली, आजी. मागच्या महिन्यात."

पुतळाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगं बाई! मग फोटूत परवा पाजीत होती ती कोन?"

"ती... ती त्याची मावशी."

"बरं, मावशी तर मावशी. तिलाच घालते. ज्ञाने, तोंड दिसतं तसला फोन लाव. मी हितनं दावते, त्यानं तिकडं तिच्याम्होरं घास ठिवावा."

ज्ञानेश्वरीनं व्हिडिओ कॉल लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग त्याचा साधा फोन आला आणि साखर कुठल्या कुठं गेली. "ए म्हातारे, नाटकं बंद कर! पिल्लू पाहिजे तर आत्ता पैसे टाक!"

पुतळाबाई फोनकडं बघतच राहिली. "भाकर घालते म्हनलं तर खेकसतोय ह्यो. लेकराला जीव लावनारा मानूस असा बोलतो व्हय?"

ज्ञानेश्वरीचा चेहरा बदलला. तिनं रडण्याचा तो आवाज पुन्हा लावला. त्याच वेळी नवा निरोप आला, 'आत्ताचं ऐका, शेवटच्या घटका मोजतंय.' तिनं तोही लावला. तेच रडणं, मधे तोच मोटारसायकलचा हॉर्न, त्याच जागी.

"आबा," ती म्हणाली, "हे भरून ठेवलेलं आहे. नाक्यावर पिल्लू नाहीच. कुठंच नाही."

"पर रडतंय की गं ते."

"दुसऱ्याच कुठल्या तरी पिल्लाचं रडणं आहे, आबा. चोरलेलं."

मला वाटलं आता आबाला राग येईल, तो शिव्या देईल. त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी त्या नाक्यावर कुनी उपाशी नाय?"

"नाही आबा."

"मग बरं झालं बाई," आबा म्हणाला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला.

सांडूनं भोरीच्या गळ्यातला दोर सोडला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. व्यापारी असला म्हणून काय झालं, त्यालाही घर होतं.

संध्याकाळी इंद्रजीत आला. तो ओरडेल अशी ज्ञानेश्वरीला भीती होती. तो बापाजवळ खाली बसला, एवढंच म्हणाला, "मला आधी सांगायचं नाय का आबा?" मग दोघांनी मिळून १९३० या मदत क्रमांकावर फोन लावला, सायबर पोलिसांकडं तक्रार दिली. गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. येतील का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझं ऐका. माझे काटे गळ्याचं रक्षण करतात. हा नवा लांडगा गळा धरतच नाही. तो माया कुठं आहे ते हुंगतो आणि तिथं दात लावतो. तिथं माझ्यासारखं लोखंड काय करणार? तुम्हीच जागं राहायला हवं. पिल्लू हवं तर जिथं आहे तिथं जा. त्याला हातात घ्या, त्याच्या आईला डोळ्यांनी बघा. येऊ नका म्हणणारा, घाई करणारा, पाप माथी मारणारा माणूस असेल तर पैसे न देता फोन ठेवा आणि घरात मोठ्यांना सांगा. शंका विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही. खऱ्या माणसाला तर आनंदच होतो, की माझं पिल्लू नीट पारखून नेतायत. आणि रस्त्यावर, प्लॉटच्या कोपऱ्यात जी पिल्लं कुणाचीच नसतात, तीही एकदा बघा की! त्यांना कुठल्या नाक्यावर दंड लागत नाही.

चोरानं पैसे नेले, त्याचं मला फार नाही. त्यानं दुसरंच नेलं. ज्या माणसाला अंधारात, वाऱ्यात, शेकडो मेंढरांच्या कालव्यात कुठलं कोकरू कशासाठी ओरडतंय ते कळायचं, तो आता आमच्या गल्लीत पिल्लू रडलं की जागचा उठत नाही. मान वर करतो, नातीकडं बघतो आणि विचारतो, "ज्ञाने, हे खरं हाय का गं?"