राखोली संघाची बर्फपेटी

कटला माशाचा वास. काथ्याच्या दोरीची कडी. संत्र्याच्या सरबताचे डाग. बर्फात अर्धी सलाईन.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. माझी पहिली वर्षे दुधनीला गेली. सुकदेव नावाचा मासेमार मला मासे भरून सिल्वासाच्या बाजारात आणायचा. पुढे त्याने मला राखोलीच्या सूतगिरणीच्या व्यावसायिक सायकल संघाला विकले. संघाच्या बाटल्या भरणाऱ्या केसरबाईने मला तीनदा सोड्याने घासले. वास काही गेला नाही. संघातला नवनाथ तिचा भाचा. आत्याला तो खानदेशी रीतीने 'फुई' म्हणायचा.

संघ लागोपाठ दोन शर्यती जिंकला आणि कुजबुज सुरू झाली.

"तुमच्या पेटीत बर्फ नाही, इंजिन आहे," दुसऱ्या संघाचे स्वार हसत म्हणायचे. हसताना त्यांची नजर माझ्या झाकणावर असायची.

तिसऱ्या शर्यतीनंतर, भर दुपारी, उत्तेजकांच्या तपासनीस मृणाल मॅडमनी ते झाकण उघडले.

"ही सलाईन कोणाची?"

"ताकदीची बाटली शे, मॅडम," केसरबाई सहज म्हणाली. "नरोलीला आमच्या चाळीत डबल ड्युटी झाली की समदे लावतात. कंपाउंडर घरी येतो."

"दवाखान्यात दाखल नसताना खेळाडूने ही लावली, तर त्याच्यावर बंदी येते, मावशी."

केसरबाईचा चेहरा उतरला. व्यवस्थापक प्रसाद तिच्या कानाशी लागला. "तुझी म्हण. नाहीतर पोराचा करार गेला."

तिने पदर दंडावर ओढला. "माझीच शे."

मित्रांनो, शर्यतीच्या आदल्या दिवशी मी केसरबाईच्या चाळीतल्या खोलीत होते. बाटली खिडकीच्या गजाला टांगली होती, तेव्हा खाटेवर कोण होते, ते मी पाहिले होते. पण मला तोंड कुठे आहे?

नवनाथने हेल्मेट माझ्यावर ठेवले आणि हात मॅडमसमोर धरला. शिरेवर सुईची खूण होती.

"फुई, राहू दे. मॅडम, मला ताप होता. कंपाउंडर हिने बोलावला, पण हात मी पुढे केला."

त्याच्यावर बंदी आली, करार गेला. संघ माझ्याकडे फिरकेनासा झाला. आता गिरणीच्या फाटकाशी मी उलटी पडून असते. पहारेकरी माझ्यावर बसून चहा पितात.

मित्रांनो, शरीरात काही घेण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. 'सगळेच घेतात' हे उत्तर समजू नका. आणि कोणाचा संशय आला, तर नुसते झाकण उघडून थांबू नका. समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्या.

ताकदीची बाटली लावून त्या तिसऱ्या शर्यतीत नवनाथ एकतिसावा आला होता.