ग्रामसभेची अर्धी सतरंजी

चपला बाहेर काढून या, मित्रांनो. पाय ओले असतील तर तेही पुसा. मी कोणाच्या घरची गोधडी नाही, ग्रामपंचायतीची सतरंजी आहे. वय झालं असलं तरी मानपान मला अजून कळतो. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात किती सरपंच आले आणि गेले, पण मी अजून आहे, आणि तीही बिनविरोध.

माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका, गुन्हा माझा नव्हता. तुरुंगात कैदी मागावर सतरंज्या विणतात आणि त्या सरकारी कचेऱ्यांत जातात. मला विणणारा माणूस फार अबोल होता. लाल पट्टा, निळा पट्टा, पुन्हा लाल पट्टा असं विणताना तो फक्त माझ्याशीच बोलायचा. "तू तरी बाहेर जाशील," असं एकदा म्हणाला. मी बाहेर आले ती थेट आमच्या ग्रामपंचायतीत. आल्या दिवशीच शिपाई कडूबाने माझ्या कोपऱ्यावर रंगाने 'ग्रा. पं.' अशी अक्षरं काढली. तेव्हा मी इतकी फुगले, की त्याला माझी घडी करता येईना!

पुढे मी सगळ्या गावाची झाले. भंडाऱ्याला मी, तेरवीला मी, भीमजयंतीला विहारासमोर मी, आणि साखरपुड्याला तर मी ठरलेलीच. नेताना लोक म्हणत, "सांजच्याले आणून देतो." ही सांज कधी आठ दिवसांनी उगवायची. माझ्या अंगावर वरणाचा डाग आहे, मठ्ठ्याचा डाग आहे, आणि एका कडेला बकरीने चाखून सोडून दिल्याची खूण आहे. बकरीलाही मी आवडले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण माझं खरं काम ग्रामसभेचं. सभेचा दिवस आला की कडूबा मला झटकायचा, लिंबाखाली अंथरायचा आणि माणसं येऊन बसायची. बसायची म्हणजे कशी, तर सगळी काठाकाठाने. काठावर बसलं की चपलेवर लक्ष राहतं आणि सभा रंगात आली की उठून जाता येतं. मधोमध कोणी बसत नसे, कारण मधल्या माणसालाच प्रश्न विचारतात. त्यामुळे माझे काठ विरले आणि मधला भाग नव्या नवरीसारखा कोरा राहिला.

बायका? बायका माझ्यावर कधीच बसल्या नाहीत. आमच्याकडची रीतच तशी. ज्या सतरंजीवर सासरा किंवा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, बसला असेल, त्या सतरंजीवर सुनेने टेकायचं नाही. आणि गावात सुना म्हटलं की सगळ्याच सुना. सत्तरीची म्हातारीसुद्धा कोणाची तरी धाकटी सून असतेच. म्हणून सभेच्या दिवशी त्या शाळेच्या भिंतीला लागून उभ्या राहायच्या, पदर सावरायच्या आणि आपापसांत कुजबुजून घरी जायच्या. वरच्या कचेरीतून कागद यायचा, की गावाचं मत घ्या. गावाचं मत काठावर बसून डुलकी घेत असायचं.

सभा झाली की मी गुंडाळून कोठीत. तिथे ब्लिचिंग पावडरच्या पोत्यांशेजारी पडून मला शिंका यायच्या. उंदरांनी माझ्यात बाळंतपणं उरकली. एवढी वर्षं सेवा करून हे दिवस आले म्हणून मी मनातल्या मनात रडायचे.

अशात बुलढाण्याहून नव्या ग्रामसेविका आल्या. समता मॅडम त्यांचं नाव. वयाने लहान, पण आवाजाने मोठ्या. त्याच सुमारास गावात पाण्याची नवी टाकी उभी राहिली होती. पंचायत समितीचा निरोप आला, की गावाला विचारून नळाची वेळ ठरवा आणि तसा ठराव पाठवा. एकदा ठरली की ती वेळ वर्षभर बदलणार नाही.

आता ही वेळ कोणासाठी महत्त्वाची होती ते सांगते. सरपंच अर्जुनराव यांची सून प्रतीक्षा. तिने घरामागच्या तुकड्यात मेथी आणि वांगी लावली होती. ती स्वतः खुरपायची, स्वतः तोडायची, स्वतः विकायची. भाजी नेणारी गाडी गावात सकाळी अकराला येते. आणि मित्रांनो, आमचा नळही सकाळी अकरालाच यायचा! गाडी गाठावी तर घरात पाणी नाही, पाणी भरावं तर गाडी निघून गेलेली. त्याच आठवड्यात तिची मेथीची जुडीन्‌जुडी दारात सुकून गेली होती. ती जुड्या गुरांपुढे टाकताना रडली, असं मी कडूबाच्या तोंडून ऐकलं. तिने जाहीर केलं होतं, की औंदा वेळ बदलली नाही तर वाफे मोडून टाकीन.

तुम्ही म्हणाल, सासराच सरपंच, मग अडलं कुठे? तिथेच तर अडलं! तिने सासूबाईंमार्फत घरात विषय काढला, तर अर्जुनराव म्हणाले, "हे सभेचं काम हाय. सभेत ठेवू." सासूबाईंनी सभा झाल्यावर विचारलं, "काऊन ठेवलं नाही?" तर म्हणाले, "घरचं गाऱ्हाणं सभेत सांगाचं असते काय?" घरी सभा आणि सभेत घर. माणूस वाईट नव्हता, पण कबड्डीतल्या गड्यासारखा नेमका हातातून निसटायचा.

समता मॅडमनी आधी बायकांची वेगळी सभा बोलावली. मला कौतुकाने अंथरलं. इथे एकही पुरुष नाही, म्हणून बायका पहिल्यांदा माझ्यावर बसल्या, आणि चक्क मधोमध बसल्या! मला गुदगुल्या झाल्या. विहाराकडच्या चांगुणाबाई घसा खाकरून म्हणाल्या, "मॅडम, नळाचं असं हाय..." तेवढ्यात गल्लीतून पोरांची आरोळी आली, "नळ आला वोऽ!"

पुढच्या क्षणी माझ्यावर एक सुटलेली बांगडी आणि मॅडम, एवढंच उरलं. कारण मॅडमनी सभेची वेळ ठेवली होती अकरा. कचेरीची वेळ म्हणून ठेवली होती बिचारीने.

"माझंच चुकलं," असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. मग घरोघर जाऊन सांगितलं, की उद्या ग्रामसभा दुपारी आहे, सगळ्या जणी या आणि जे आहे ते बोला.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. आल्या आणि शाळेच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कारण माझ्या काठावर पुरुष मंडळी आधीच बसली होती, आणि सगळ्यांत पुढे, मांडी घालून, नारायणराव. नारायणराव म्हणजे सरपंचांचे थोरले बंधू. गावातल्या निम्म्या बायकांचे सासरे आणि उरलेल्या निम्म्यांचे जेठ.

मॅडम म्हणाल्या, "ताई, या ना, बसा."

कोणी हललं नाही.

"दुसरी सतरंजी आहे का?"

"नाही जी," कडूबा म्हणाला. "विहाराची सतरंजी खळेगावच्या लग्नात गेली. सांजच्याले येते म्हणे."

मॅडमनी सभा सुरू केली. पाण्याच्या वेळेचा विषय निघताच नारायणराव म्हणाले, "जे चाललं ते बरं चाललं. अकराची वेळ मस्त हाय." त्यांनी जन्मात एक हंडा भरला नव्हता, पण मत भरपूर भरलं होतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. भिंतीकडून प्रतीक्षाने काहीतरी म्हटलं, तर ते म्हणाले, "सभेत बोलाचं तं सतरंजीवर येऊन बोलाचं. भिंतीपासून बोललेलं मोजत नसते." मी सतरंजी आहे, मित्रांनो, मला लाज वाटली. माझंच नाव पुढे करून एका पोरीचं तोंड बंद केलं होतं.

मॅडमनी लेखणी उचलली. अर्जुनराव म्हणाले, "मंग लेहा, वेळ तेच." प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच वाफ्यांतून आलेली होती, मेथी कापायचा विळा हातातच होता.

तेवढ्यात तिची सासू पुढे झाली. रुक्मिणीबाई, म्हणजे सरपंचांची बायको. या बाईने आपलं अर्धं आयुष्य नळावर काढलेलं. तिने सुनेच्या हातातला विळा घेतला. सगळी सभा ताठ झाली. नारायणराव तर चपला शोधू लागले.

रीतीप्रमाणे ती जेठाशी थेट बोलत नसे. पदर पुढे ओढून ती म्हणाली, "कडूबा, मोठ्यायले म्हणा, जरासे पाय आवरा."

कडूबा म्हणाला, "मोठे, पाय आवरा म्हंते."

नारायणरावांनी पाय आवरले. रुक्मिणीबाई खाली वाकली आणि तिने माझ्या मधोमध विळा घातला.

"अवं! अवं काय करून राह्यली? सरकारी हाय ते!" अर्जुनराव ओरडले.

"सरकारी म्हंजे गावाची ना? मंग अर्धं गाव आम्ही हावो. आमची अर्धी घेऊन जातो."

दुखलं का, असं विचारता? दुखलं, मित्रांनो, फार दुखलं. धागा न् धागा किंचाळला. ज्याने मला शांतपणे विणलं त्याची आठवण आली. पण खरं सांगू? तो असता तर त्यानेच दुसऱ्या टोकाने धरलं असतं, असंही मला वाटलं. कर्रकन् मी फाटले. चांगुणाबाईने माझा एक भाग ओढून भिंतीजवळ अंथरला. आता ही वेगळी सतरंजी झाली. हिच्यावर सासरा नाही, जेठ नाही. रीत जागच्या जागी राहिली आणि बायका सभेत बसल्या!

इकडे पुरुषांची मात्र फजिती झाली. उरलेल्या अर्धीला पुरेसे काठच राहिले नाहीत. गुडघ्याला गुडघे लागले, कोणाची टोपी कोणाच्या कानाला लागली आणि या धक्काबुक्कीत नारायणराव बरोबर मधोमध येऊन पडले.

समता मॅडम तेवढ्यात सावरल्या. "आता बायका सतरंजीवरून बोलताहेत. बोला, प्रतीक्षाताई."

प्रतीक्षा उभी राहिली. सासऱ्याकडे न बघता तिने मॅडमकडे बघून सांगितलं, "अकराले नळ येते अन् अकरालेच गाडी येते. मी एकटीच हावो, मले दोन जागी उभं राहता येत नाही. सकाळी सहाले पाणी सोडा. तेवढंच मांगून राह्यली."

"मी बी वावरातून पळत येतो पाण्यासाठी," चांगुणाबाई म्हणाल्या. "अर्धा नळ तं गल्लीतच वाहून जाते."

अर्जुनराव डोकं खाजवत म्हणाले, "अवो, आमची ना नाही. पण सहाले व्हॉल्व्ह खोलाले कडूबा उठन काय? त्याच्यासाठीच तं अकरा ठेवले होते."

सगळ्यांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबा बावरला. "माह्यासाठी? मी तं पाचालेच उठून बसतो जी. गावाले अकरा पाह्यजेत म्हून मी तिथपर्यंत चहा पीत बसतो."

"मंग सांगतलं काऊन नाही, बे?"

"मले कोणी इचारलंच नाही."

लिंबाचं एक पान माझ्यावर येऊन पडलं. मग पहिल्यांदा चांगुणाबाई हसल्या, मग प्रतीक्षा, मग सगळे. गावाने कडूबासाठी, कडूबाने गावासाठी, असं एकमेकांना न विचारता सगळ्यांनी मिळून बायकांचे हाल केले होते. मॅडमनी हात वर करायला सांगितलं. बायकांचे सगळे हात वर गेले. पुरुषांच्या गर्दीत कोणाचा हात कोणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तेही मोजले गेले. सकाळी सहाची वेळ ठरली. आपला हात आपोआप वर गेला, असं नारायणराव अजून सांगतात.

नंतर तपासणीला साहेब आले. दप्तरात सतरंजी एक आणि कोठीत दोन! खरेदी न करता सामान वाढलेली ग्रामपंचायत त्यांनी प्रथमच पाहिली असावी. त्यांनी बराच वेळ आम्हा दोघींकडे पाहिलं आणि चहा मागवला.

आता मला कोणी जोडू पाहत नाही. सभा असली की दोन्ही अर्ध्या लिंबाखाली अंथरतात. प्रतीक्षाची मेथी रोज गाडीत चढते. सभेत ठरलेलं आता खरंच घडतं, हे कळल्यापासून गर्दी वाढली आहे. मागच्या सभेला तर नारायणरावांना यायला उशीर झाला आणि पुरुषांच्या अर्धीवर तीळ ठेवायला जागा उरली नाही. ते आपले शाळेच्या भिंतीला लागून उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखतात, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं त्यांना मीच तर सांभाळलं. त्यांना गाऱ्हाणं सांगायचं होतं, दवाखान्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचं, पण उभ्याउभ्या बोलायला त्यांना संकोच वाटत होता.

रुक्मिणीबाईने ते पाहिलं. कडूबा पाणी आणायला गेला होता, निरोप न्यायला कोणी नव्हतं. तिने पदर सावरला, बायकांना सरकायला लावलं आणि लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदा ती जेठाशी थेट बोलली. "बसा जी इथं. उभ्यानं दम लागते."

नारायणराव घुटमळले. मग चपला काढल्या आणि बायकांच्या अर्धीवर बसले. जेठ बसला म्हणून एकही सून उठली नाही. डोळे पुसत होते, पण धुळीने चुरचुरतात म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी सतरंजी कोठीत पडून असेल. तिला बाहेर काढा, ऊन दाखवा. आम्ही बसण्याने झिजत नाही, घडीतच कुजतो. आणि तिच्यावर बसलात की एकदा भिंतीकडे बघा. तिथे कोणी उभं असेल, तर थोडं सरका. जागा होते, मित्रांनो. मी अर्धी झाले, तरी झाली.